न विचारता जोडलेलं जाळं

‘तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी लिही, पण आम्हाला समजेल असं,’ असा समितीचा निरोप आला. सॉफ्टवेअरमधल्या बऱ्याच गोष्टी पाच-सात वर्षांत शिळ्या होतात. तीस वर्षांनी भेटणाऱ्यांना सांगावं असं त्यात फार काही उरत नाही. म्हणून आपण शाळेत असताना जन्मलेली आणि अजून चालू असलेली एक गोष्ट निवडली आहे: वेब. तिचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो तंत्रामुळे कमी आणि सुरुवातीला घेतलेल्या दोन-तीन निर्णयांमुळे जास्त.

आधी एक गल्लत दूर करू. इंटरनेट आणि वेब हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. इंटरनेट म्हणजे जगभरातले संगणक जोडणाऱ्या तारा आणि त्यांवरून माहिती पोचवण्याचे नियम. हे नियम अमेरिकेतल्या अर्पानेटवर १ जानेवारी १९८३ ला लागू झाले, तेव्हा आपण धड बालवाडीतही नव्हतो. ई-मेल होती, फायली पाठवता येत होत्या. पण दूरच्या संगणकावरचा एखादा लेख वाचायचा तर तो संगणक कोणता, त्यात शिरायचं कसं, फाइल कोणत्या नावाने ठेवली आहे आणि ती कशात उघडेल, हे सगळं आधी ठाऊक असावं लागे. रस्ते बांधून झाले होते, पण घरांवर पाट्या नव्हत्या. त्या पाट्या म्हणजे वेब.

त्यांची गरज पहिल्यांदा भासली ती पदार्थविज्ञानाच्या एका प्रयोगशाळेत. जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर सर्न ही युरोपीय देशांची संस्था आहे. १९८९ मध्ये तिथे जमिनीखाली २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात एक नवं यंत्र सुरू होत होतं आणि त्यावरच्या प्रयोगांसाठी जगभरातून शास्त्रज्ञ येत होते. त्यातल्या एल-३ नावाच्या प्रयोगात मुंबईच्या टीआयएफआरचेही शास्त्रज्ञ होते. प्रत्येक गट आपापल्या सवयीचे संगणक घेऊन येई आणि एकाचं लिखाण दुसऱ्याच्या यंत्रावर उघडत नसे. त्यात माणसं साधारण दोन वर्षं राहून परत जात, आणि कोणती गोष्ट कुठे लिहून ठेवली आहे हे ज्ञान त्यांच्याबरोबरच जाई.

तिथे सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या ३३ वर्षांच्या इंग्रज माणसाने मार्च १९८९ मध्ये, म्हणजे आपण तिसरीच्या वार्षिक परीक्षेच्या तयारीत असताना, यावर एक टिपण लिहिलं. शीर्षक अगदी कारकुनी होतं: माहितीचं व्यवस्थापन, एक प्रस्ताव. त्याचे वरिष्ठ माइक सेंडल यांनी वरच्या कोपऱ्यात हाताने शेरा मारला की हे संदिग्ध आहे, पण उत्सुकता वाढवणारं आहे. प्रस्ताव मंजूर झाला नाही, फेटाळलाही गेला नाही. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल. पुढच्या वर्षी सेंडल यांनी त्याला नेक्स्ट कंपनीचा एक महागडा संगणक घेऊ दिला. नवं यंत्र तपासून पाहायचं, हे निमित्त. ही कंपनी स्टीव्ह जॉब्जने ॲपलमधून बाहेर पडल्यावर काढलेली. १९९० च्या नाताळापर्यंत त्या एका यंत्रावर पहिला वेब सर्व्हर आणि पहिला ब्राउझर दोन्ही चालू झाले. त्या डब्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती: हा सर्व्हर आहे, बंद करू नका. जगातलं सगळं वेब तेव्हा एका खोलीत मावत होतं आणि कुणी बटण दाबलं असतं तर विझलं असतं.

आता मूळ मुद्दा. एका लेखातून दुसऱ्या लेखावर उडी मारता यावी ही कल्पना बर्नर्स-लीची नव्हे. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने १९४५ मध्येच अशा यंत्राचं वर्णन केलं होतं. डग्लस एंजेलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस वापरून ते करून दाखवलं. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द टेड नेल्सनने १९६५ मध्ये घडवला. नेल्सनच्या झॅनाडू प्रकल्पात दुवे दोन्ही बाजूंनी बांधलेले असणार होते. मी तुमच्या लेखाला दुवा दिला तर तुमच्या लेखालाही ते कळणार, दुवा कधी तुटणार नाही, आणि कुणी तुमचा मजकूर वापरला तर त्याचे चार पैसे आपोआप तुमच्याकडे येणार. कागदावर ही रचना वेबपेक्षा सरस आहे. पण ती चालवायची तर जगातल्या प्रत्येक दुव्याची नोंद ठेवणारी एक यंत्रणा हवी, आणि त्या यंत्रणेचा कुणीतरी मालक हवा.

बर्नर्स-लीने ही अट सोडून दिली. त्याचा दुवा एकतर्फी आहे. मला तुमच्या पानाकडे बोट दाखवायचं तर तुम्हाला विचारावं लागत नाही, कळवावंही लागत नाही. कुठल्याही कचेरीत नोंद नाही. याची किंमत आहे: तुम्ही पान हलवलं तर माझा दुवा तुटतो आणि वाचणाऱ्याला ‘४०४, सापडलं नाही’ एवढंच दिसतं. त्या काळच्या हायपरटेक्स्टच्या अभ्यासकांना हे ओबडधोबड वाटलं. डिसेंबर १९९१ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला त्यांची परिषद भरली, तिने वेबवरचा शोधनिबंध नाकारला आणि फक्त प्रात्यक्षिकाला जागा दिली. मी रोज ज्या गोष्टीवर काम करते तिच्या मुळाशी हा तडजोडीचा निर्णय आहे, आणि मला तो त्या सगळ्या कहाणीतला सर्वांत धाडसी वाटतो. दुवा तुटू शकतो हे मान्य केलं म्हणूनच तो कुणालाही देता आला.

(शुद्धलेखनाला अर्धा अर्धा गुण कापणाऱ्या आपल्या बाईंसाठी एक गंमत. वाचणारा कोणत्या पानावरून आला हे सांगणारी एक ओळ ब्राउझर सर्व्हरला पाठवतो. तिचं नाव ‘रेफरर’. इंग्रजीत त्यात चार ‘आर’ लागतात, प्रमाण ठरवताना तीनच लिहिले गेले. चूक लक्षात येईपर्यंत प्रोग्राम सगळीकडे पसरले होते, त्यामुळे आजही ते चुकीचंच लिहावं लागतं. बरोबर लिहिलं तर चालत नाही.)

पहिला ब्राउझर देखणा होता, त्यात पान वाचताही येई आणि तिथल्या तिथे बदलताही येई. पण तो नेक्स्टवरच चालायचा आणि नेक्स्ट फार थोड्यांकडे होता. इथे निकोला पेलो या मुलीचं नाव घ्यायला हवं, कारण फारसं कुणी घेत नाही. ती इंग्लंडमधल्या लेस्टरच्या पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकत होती आणि शिक्षणाचा भाग म्हणून १९९० च्या शेवटी सर्नमध्ये कामाला आली होती. तिने लिहिलेल्या ब्राउझरमध्ये चित्रं नाहीत, माऊस नाही, रंग नाहीत. पडद्यावर ओळी उमटतात, दुव्यांपुढे कंसात आकडे येतात, हवा तो आकडा टाइप करून एंटर दाबायचं. दिसायला दरिद्री, पण जुन्यातल्या जुन्या टर्मिनलवरही चालणारा. ‘तुझ्या यंत्रावर चालत नाही, हा तुझा प्रश्न’ असं म्हणायची सोय आमच्या धंद्यात कायमच असते. तिने ती घेतली नाही.

तो ब्राउझर सर्नमध्ये पसरला तो कशामुळे? संस्थेची टेलिफोन डिरेक्टरी. ती एका मोठ्या संगणकात होती आणि त्यात शिरून नंबर शोधणं जिकिरीचं होतं. ती वेबवर आली आणि लोकांनी केवळ फोन नंबरासाठी वेब वापरायला सुरुवात केली. या स्मरणिकेतही बहुतेक जण आधी शेवटची पानं उघडून पत्ते आणि फोन नंबर बघतील, माझ्या लेखाकडे नंतर वळतील, याची मला पूर्ण कल्पना आहे.

ऑगस्ट १९९१ मध्ये, आपण सहावीत असताना, बर्नर्स-लीने प्रकल्पाची माहिती सर्नबाहेर जाहीर केली आणि कुणीही घेऊन वापरा असं सांगितलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेत सुरू झाला. पॉल कुन्झ या शास्त्रज्ञाने ते सॉफ्टवेअर सर्नहून आणलं, पण त्यामागे लागल्या त्या लुईस अ‍ॅडिस, तिथल्या ग्रंथपाल. शोधनिबंधांच्या त्यांच्या मोठ्या सूचीत हवं ते सापडवायला ही युक्ती उपयोगी आहे हे त्यांनी ओळखलं. नवी गोष्ट कोणत्या कामाची आहे हे ती बनवणाऱ्यांपेक्षा ग्रंथपालांना आधी कळतं, असा माझाही अनुभव आहे.

तरीही १९९२ मध्ये कुणी पैज लावली असती तर ती गोफरवर लावली असती. गोफर ही अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाची व्यवस्था होती. मेन्यूमागून मेन्यू उघडत माहितीपर्यंत पोचायचं. वापरायला सोपी, बसवायला सोपी, आणि तेव्हा वेबच्या कितीतरी पुढे. १९९३ च्या सुरुवातीला विद्यापीठाने जाहीर केलं की काही प्रकारच्या वापरासाठी गोफर सर्व्हरवर शुल्क घेतलं जाईल. सगळ्यांकडून नाही, बऱ्याच जणांना ते लागूही झालं नसतं. पण आज नाही तर उद्या आपल्यावरही बिल येईल, ही शंका पुरेशी होती. लोक पर्याय शोधू लागले.

मग वेबचं काय, हा प्रश्न सर्नलाही आला. बर्नर्स-लीचा बेल्जियन सहकारी रॉबर्ट कायो संस्थेच्या विधी विभागाच्या मागे लागला, आणि ३० एप्रिल १९९३ या तारखेने एक छोटं पत्रक निघालं. सर्न या सॉफ्टवेअरवरचे सगळे बौद्धिक संपदा हक्क सोडून देत आहे. कुणीही ते वापरावं, त्याच्या प्रती काढाव्यात, ते बदलावं, वाटावं. पत्रकात तीन गोष्टींची नावं आहेत: साधा ओळींचा ब्राउझर, साधा सर्व्हर, आणि दोघांना लागणारा सामाईक कोड. यादीतलं पहिलं नाव म्हणजे निकोला पेलोने सुरू केलेलं काम.

दुसऱ्या दिवशी १ मे होता. आपण झेंडावंदन करून सातवीचं प्रगतिपुस्तक घ्यायला रांगेत उभे होतो.

या पत्रकामुळे नेमकं काय घडलं? वेबसारखं काही लिहायचं तर सर्नची परवानगी लागणार नाही हे ठरलं, त्यामुळे विद्यार्थ्यांपासून कंपन्यांपर्यंत सगळे त्यात उतरले. इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी त्याच वर्षी मोझेक हा ब्राउझर आणला. मजकुरातच चित्र दिसू लागलं आणि वेब सामान्य माणसाच्या घरात शिरलं. पुढच्या शर्यती, ९ ऑगस्ट १९९५ ला नेटस्केपचे शेअर बाजारात आल्यावर झालेला गहजब, हे सगळं अनेकदा लिहिलं गेलं आहे. एक गोष्ट मात्र नजरेआड होते. मोझेकमध्ये पान फक्त वाचता येई. पहिल्या ब्राउझरमधली लिहिण्याची सोय लोकप्रिय ब्राउझरांतून गळून पडली, आणि बर्नर्स-लीच्या मनातलं वाचणाऱ्यानेच लिहिणाराही असावं हे जाळं तिथे अर्धं झालं. २००१ मध्ये विकिपीडिया आला तेव्हा ते थोडं भरून निघालं.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत, मोजक्या महानगरांत. आपण दहावीत होतो. त्यातलं स्वस्तातलं ‘शेल’ खातं घेतलं की फक्त अक्षरं दिसत, चित्रं नाहीत, आणि वेब बघायला लिंक्स नावाचा ब्राउझर वापरायचा, पेलोच्याच जातकुळीतला. फोनच्या तारेवरून, खरखरत्या मॉडेमवर, मुंबईतल्या कितीतरी लोकांनी वेब पहिल्यांदा वाचलं ते असं. कुठल्याही यंत्रावर चाललं पाहिजे या हट्टाचा लाभ पाच वर्षांनी इथे मिळाला.

मराठीला मात्र वेगळा त्रास झाला. मी अभियांत्रिकीला होते तेव्हा मराठी संकेतस्थळं होती, पण प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. तो उतरवून घ्यायचा, बसवायचा, मग अक्षरं दिसत. फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा. संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच, चुकीच्या अक्षरांना चढवलेला मराठी मुखवटा होता. त्यामुळे एका स्थळावरचा शब्द दुसऱ्यावर शोधता येत नसे, आणि स्थळ बंद पडून फॉन्ट हरवला की मजकूरही गेला. कुलूप भाषेलाच होतं. ते उघडलं युनिकोडने. त्यात देवनागरी १९९१ पासूनच होती आणि तिची मांडणी इस्की या भारतीय मांडणीवर बेतलेली होती. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ही पद्धत आखली. जगातल्या सगळ्या लिप्या एकाच मजकुरात साठवण्याची ही युक्तीही खुलीच राहिली. संगणकांमध्ये आणि ब्राउझरांमध्ये ती मुरायला दहा-बारा वर्षं गेली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. आज आपण फोनवर मराठीत लिहितो, शोधतो, त्यामागे हीच व्यवस्था आहे.

ही सगळी तत्त्वं आपोआप टिकली असं नाही. वेबचे नियम ठरवणारी संस्था, डब्ल्यू-थ्री-सी, १९९४ मध्ये एमआयटीत स्थापन झाली. तिच्यापुढे काही वर्षांनी प्रश्न आला की वेबच्या नियमांत कंपन्यांची पेटंट असलेली तंत्रं घेऊन त्यांवर शुल्क आकारू द्यायचं का. भरपूर वाद होऊन २००३ मध्ये उत्तर ठरलं: नाही. आपल्याकडे २०१५ मध्ये फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना आली. निवडक स्थळं फुकट, बाकीच्यांना डेटाचे पैसे. गरिबांना काहीतरी मिळतंय तर का अडवता, असा प्रश्न मलाही त्या वेळी घरात विचारला गेला. पण कोणती स्थळं फुकट हे ठरवणारा एक पहारेकरी दारात बसला की न विचारता जोडण्याची मुभा संपते. दहा लाखांहून अधिक लोकांनी ट्रायला ई-मेल पाठवले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने अशा भेदभावाच्या दरांना बंदी घातली. वेबच्या इतिहासात भारताने केलेलं हे काम मला आपल्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या आकड्यांपेक्षा अभिमानाचं वाटतं.

उलट बाजूही सांगते. २०१७ मध्ये त्याच डब्ल्यू-थ्री-सीने चित्रपटांना कुलूप लावण्याची सोय वेबच्या नियमांत घेतली, आणि तिला बर्नर्स-लीने स्वतः मान्यता दिली. ईएफएफ ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था निषेध म्हणून बाहेर पडली. बर्नर्स-लीचा युक्तिवाद होता की नाही म्हटलं तरी कंपन्या कुलूप लावणारच, मग ते वेबच्या आत असलेलं बरं. मला तो पटला नाही, अजून पटत नाही.

आता तर बहुतेक लिखाण ॲपच्या आत होतं. तिथल्या मजकुराकडे बाहेरून बोट दाखवता येत नाही, दाखवलं तरी आधी लॉगिन करा असा फलक येतो. आपल्या बॅचच्या ग्रुपचंच बघा. तिथे टाकलेले जुने फोटो, गेलेल्या सरांबद्दल आपण लिहिलेल्या आठवणी, हे सगळं आता शोधून सापडत नाही. ज्यांचा फोन बदलला त्यांच्याकडून बरंच पुसलं गेलं, आणि जे ग्रुपमध्ये नाहीत त्यांना ते कधी दिसलंच नाही.

सर्नने २०१३ मध्ये जगातलं पहिलं वेब पान त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवलं. आजच्या फोनवर ते बिनतक्रार उघडतं. जोडीला पेलोच्या ब्राउझरची नक्कलही आहे. संमेलनाच्या निमित्ताने मी आपल्या बॅचसाठी तशाच साध्या एचटीएमएलमध्ये एक पान लिहायला घेतलं आहे. लॉगिन नाही, जाहिरात नाही, ग्रुपमध्ये असण्याची अट नाही. फोटोंच्या जागी मजकूर देण्याची सोय त्या भाषेत जुनी आहे. ज्याला चित्र दिसत नाही, मग तो दृष्टिहीन असो किंवा अक्षरांचाच ब्राउझर वापरणारा, त्याला ती नावं वाचता येतात. सातवीच्या गटफोटोतल्या मागच्या रांगेत डावीकडून चौथा, पाचवा आणि आठवा कोण, हे मला अजून तिघांनी तीन प्रकारे सांगितलं आहे. ज्यांना नक्की आठवत असेल त्यांनी संमेलनाच्या दिवशी मला गाठावं.